१८० खुर्च्यांचं कॉलेज नाट्यगृह: माईक बंद ठेवून ऐकावं असं

रंगमंचावरचा सुस्कारा शेवटच्या रांगेत ऐकू येतो का, यावर नाट्यगृहाची परीक्षा करावी. मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या या कॉलेज नाट्यगृहात तो ऐकू येतो, तोही माईक बंद असताना. खुर्च्या १८०, रांगा १२, रंगमंचाच्या काठापासून मागच्या भिंतीपर्यंत जेमतेम १४ मीटर. एवढ्या अंतरात तालमीत कमावलेला आवाज सहज पोहोचतो, ओरडावं लागत नाही. मोठ्या नाट्यगृहांच्या प्रेक्षकाला आज हे सुख क्वचित मिळतं. तिथे रंगमंचाच्या काठावरचे फूट माईक, कपड्याला लावायचे कॉलर माईक लागतात आणि नट डावीकडे असो की उजवीकडे, आवाज येतो स्पीकरमधून. इथे तो माणसाच्या तोंडून येतो. या गुणासाठी हे नाट्यगृह आवडावं असंच आहे, आणि म्हणूनच या गुणाला धक्का लावणाऱ्या ज्या गोष्टी इथे आहेत त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं.

कॉलेजचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. उणिवा नावानिशी लिहिल्या गेल्या की हॉल बाहेरच्या संस्थांना देणंच बंद होण्याची भीती असते, आणि ते कुणालाच परवडणारं नाही. शिवाय पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत किंवा दादर, माटुंगा, मुलुंडकडे कॉलेजांचे जे छोटे हॉल आहेत, त्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

अशा हॉलना कमी लेखू नये. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४पासून प्रयोग करायला सुरुवात केली आणि पुढे प्रायोगिक रंगभूमीच्या एका अख्ख्या चळवळीला त्या शाळेचं नाव मिळालं. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८मध्ये सुरू झालं, तिथेही खुर्च्या दोनशेच्या आसपासच आहेत. प्रेक्षक जवळ असला की नाटक वेगळं लिहिलं जातं, वेगळं केलं जातं. आजही एकांकिका करणाऱ्या मुलांना तालमीच्या खोलीतून थेट मोठ्या रंगमंचावर उडी मारण्याआधी मध्ये एक पायरी लागते, ती असे हॉलच पुरवतात.

आता आवाजाचं. हॉल १४ मीटर लांब, ११ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. रंगमंचाची पोकळी धरली तर आकारमान साधारण ९५० घनमीटर होतं. खाली कोटा लादी, भिंतींना गिलावा आणि ऑइल पेंट, खुर्च्या प्लायवूडच्या. आवाज शोषून घेईल असं काहीच नाही. आकारमान आणि आवाजाचं शोषण यांवरून काळ काढणाऱ्या सॅबिनच्या सूत्राने हिशेब केला तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला अडीच सेकंद लागतात. बोललेला शब्द स्वच्छ कळायला हा आकडा एका सेकंदाच्या आसपास हवा. म्हणून सकाळच्या तालमीला इथे उभं राहिलेला प्रत्येक नट घाबरतो: आपलंच वाक्य आपल्या अंगावर येतंय, पुढचा शब्द मागच्या शब्दात कालवला जातोय. मग तो आवाज चढवतो, त्याने गोंधळ आणखी वाढतो. खरं तर घाबरायचं कारण नाही. १८० माणसं येऊन बसली की त्यांचे कपडे आणि शरीरं एवढा आवाज शोषतात की तोच आकडा सव्वा सेकंदाच्या खाली येतो. तालमीला मात्र हे लक्षात ठेवून आवाज न चढवता, शब्दांची शेवटं स्पष्ट टाकत बोलायची सवय लावावी.

उरलेलं काम पडदे करतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींना आणि मागच्या भिंतीला मिळून साठेक चौरस मीटर जाड पडदे इथे आहेत, आणि ते लावताना कुणीतरी जाणकार माणूस हजर असणार. कापड भिंतीच्या दुप्पट लांबीचं घेऊन चुण्या पाडल्या आहेत आणि दांडी भिंतीपासून चांगली वीतभर पुढे आहे. सपाट, भिंतीला चिकटलेला पडदा जवळजवळ निरुपयोगी असतो. हे सगळे पडदे ओढले आणि हॉल भरला की आवाज विरायचा काळ एका सेकंदाच्या आत येतो. नाटकासाठी याहून चांगली स्थिती मागू नये.

अडचण अशी की हे पडदे ओढलेले क्वचितच सापडतात. कॉलेजच्या समारंभांसाठी ते गुंडाळून बांधले जातात, मागच्या भिंतीवर फ्लेक्स लागतो आणि तो महिनोन् महिने तिथेच राहतो. फ्लेक्स आवाज शोषत नाही, परत फेकतो. नट रंगमंचाच्या मध्यावर, काठापासून तीन मीटर आत उभा असेल तर मागची भिंत त्याच्यापासून १७ मीटरवर. जाऊन-येऊन ३४ मीटर, म्हणजे त्याचा शब्द सेकंदाच्या दहाव्या भागात त्याच्याकडे परत येतो. इतक्या उशिरा आलेला आवाज कानाला वेगळा कळतो आणि गाणाऱ्याची लय त्याने हमखास बिघडते. म्हणून हॉल ताब्यात मिळाल्यावर पहिलं काम हेच: फ्लेक्स उतरवा, मागचे पडदे पूर्ण ओढा, मग मध्यावर उभं राहून एकदा खणखणीत टाळी वाजवा. टाळी सुटी, कोरडी ऐकू आली तर ठीक. मागे ‘टर्रर्र’ असा शेपटीसारखा आवाज आला तर बाजूचे पडदे अजून कुठेतरी उघडे आहेत.

दुसरा शत्रू एसी. हॉलमध्ये तीन-तीन टनांचे चार टॉवर एसी आहेत, दोन रंगमंचाच्या अगदी लगत आणि दोन मागे. चारही चालू असताना सहाव्या रांगेच्या मागे हळू वाक्यं बुडतात. तक्रार केली की माईक लावा असं सांगितलं जातं, आणि तिथेच हॉलचा मूळ गुण वाया जातो. उपाय सोपा आहे. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे भरलेल्या हॉलची १८ किलोवॉट. दिवे धरून बेरीज बावीस-तेवीसपर्यंत जाते. एक टन एसी साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो, म्हणजे मागचे दोन एसी मिळून २१. हॉल आधी दीड तास चारही एसी लावून चांगला गार करून ठेवला, तर तिसऱ्या घंटेला पुढचे दोन बंद करून तास-सव्वा तास आरामात निघतो. मध्यंतरात चारही पुन्हा चालू. पण आयोजक वीज वाचवायला एसी प्रयोगाच्या दहा मिनिटं आधी लावतात. भिंती, लादी, खुर्च्या सगळं तापलेलंच राहतं, अर्ध्या तासात लोक हातातल्या कागदाने वारा घ्यायला लागतात आणि मग चारही एसी रात्रभर घोंघावतात. वीजबिल युनिटप्रमाणे वेगळं लागतं हे खरं, पण दीड तासाच्या विजेत काटकसर करून नाटक हरवण्यात काही अर्थ नाही.

पावसाळ्यात मात्र हा हॉल आपला आवाज गमावतो. प्रेक्षागृहावर स्लॅब आहे, पण रंगमंचावर आणि विंगेवर पत्रा. जुलैतल्या जोरदार सरीत पत्र्याचा आवाज नटाच्या आवाजावर सरळ मात करतो, आणि पाऊस काही मध्यंतराची वाट पाहत नाही. पत्र्याखाली आवाज शोषणारं रॉकवूल आणि जिप्समचं आढं घातलं तर फरक पडेल, तो खर्च कॉलेजने करायलाच हवा. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांचा हंगाम नेमका पावसातच सुरू होतो, म्हणजे ज्या दिवसांत मुलांना हा हॉल सगळ्यात जास्त लागतो त्याच दिवसांत तो सगळ्यात कमी उपयोगाचा. तोवर जून ते सप्टेंबर माईकची तयारी ठेवूनच इथे प्रयोग लावावा. काठावर फूट माईक तीन, खाली पातळ फोमचा तुकडा घालून. फोम नसेल तर फळ्यांवरच्या पावलांची धपधप माईकमध्ये शिरते.

हॉलची ध्वनियंत्रणा साधी आहे: भिंतीवर दोन १२ इंची स्पीकर, आठ चॅनेलचा मिक्सर, चार वायरचे आणि दोन कॉर्डलेस माईक. पार्श्वसंगीताला एवढं पुरतं. स्पीकर रंगमंचाच्या कमानीच्या जरा मागे बसवलेत ही चूक आहे. उघडा माईक स्पीकरच्या पुढे आला की शिट्टी वाजणारच, ऑपरेटरने कितीही बटणं फिरवली तरी. ब्रॅकेट काढून स्पीकर मीटरभर पुढे घेतले की हे मिटेल.

आणखी एक जुनं दुखणं म्हणजे दिवे मंद केले की स्पीकरमधून येणारी घरघर. डिमर विजेची लाट कापून दिवा मंद करतो, त्या कापाकापीचा गोंगाट तारांमधून साउंडमध्ये उतरतो. दिवा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असताना घरघर नसते आणि निम्म्यावर असताना सगळ्यात जास्त असते, यावरून दोष ओळखावा. मिक्सर डिमरच्या बोर्डावरून जोडू नका. प्रेक्षागृहाच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात एक प्लग आहे, तो वेगळ्या फेजवर आहे, मिक्सरला तोच घ्या. माईकची केबल दिव्यांच्या केबलला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. पावसाळ्यात जॅकवर गंज धरतो आणि कडकड आवाज येतो, त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनरची बाटली सोबत असू द्या. हॉलकडे ती नसते.

प्रकाशयोजनेत आधी विजेचा हिशेब करा. रंगमंचाचा बोर्ड सिंगल फेज, ३२ अँपियरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच. २३० व्होल्टला याचे सव्वासात किलोवॉट होतात. हजार वॉटचा पार किंवा फ्रेनेल जातीचा दिवा साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो, म्हणजे एकाच वेळी पूर्ण ताकदीने सहा, फार तर सात. हॉलकडे असे दहा दिवे आहेत, आणि नवखा प्रकाशयोजनाकार ते दहाही एका क्यूला, म्हणजे दिवे बदलायच्या एकाच इशाऱ्याला, चढवतो. मग एमसीबी पडतो, तोही नाटकाच्या सगळ्यात उजळलेल्या क्षणी, कारण लोड तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. क्यूशीटमध्ये प्रत्येक क्यूच्या पुढे एकूण वॉट लिहून ठेवले की हे घडत नाही. हॉलचे सहा एलईडी पार आहेत, ते फारच कमी वीज घेतात. पाठीमागून येणारा रंग आणि मागच्या पडद्यावरचा रंग त्यांच्यावर सोपवावा. चेहऱ्यासाठी मात्र हॅलोजनच घ्या. हे स्वस्तातले एलईडी खालच्या टोकाला हळूहळू विझत नाहीत, पायरी चुकल्यासारखे पटकन जातात. शेवटच्या प्रसंगात हळूहळू उतरत जाणारा काळोख हवा असेल तर फक्त तापलेली तारच तो देते.

पुढचा लाइट बार रंगमंचाच्या काठापासून तीन मीटर अलीकडे आणि जमिनीपासून साडेचार मीटरवर आहे. यामुळे उजेड चेहऱ्यावर तीस अंशांहूनही कमी कोनात पडतो. चेहरा दिसतो छान, पण सावली मागच्या पडद्यावर चढते. पावणेसहा फूट उंचीचा नट पडद्यापासून दोन मीटर पुढे उभा असेल तर त्याच्या डोक्याची सावली पडद्यावर जवळजवळ चार फूट उंचीवर दिसते. सावली पूर्ण जमिनीवर उतरवायला त्याने पडद्यापासून चार मीटरहून जास्त पुढे यायला हवं. रंगमंचाची खोली साडेपाच मीटर, म्हणजे वापरायला दीड मीटरही उरत नाही. दिग्दर्शकाने हे आधीच गृहीत धरून हालचाली बसवाव्यात. मागच्या पट्ट्यात दिवाण, कपाट, पायऱ्या असं काही ठेवलं तर सावल्या त्यावर मोडून जातात आणि डोळ्याला खुपत नाहीत. मागचा पडदा काळा घेतला तर प्रश्नच मिटतो. काळ्यावर सावली दिसत नाही.

काळोखाचंही नीट पाहायला हवं. पश्चिमेच्या भिंतीत वर काचेच्या झडपा आहेत. मे-जूनमध्ये मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या प्रयोगाला पहिला अंक धूसर उजेडातच होतो. डिसेंबरात तीच वेळ चालते. झडपांना काळा कार्डशीट कापून बसवला की काम भागतं, साधारण दहा शीट लागतात, चिकटपट्टी कागदीच वापरा म्हणजे रंग निघत नाही.

सेट नेताना सगळ्यात जास्त मनस्ताप जिन्याचा. हॉल पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना मध्ये काटकोनात वळतो. आठ फूट बाय चार फुटांचा फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीची चौकट, त्या वळणावर अडकतो, उभा केला तर वरच्या तुळईला लागतो. आठ बाय तीनचा सहज जातो. म्हणून या हॉलसाठी सेट तीन फुटी फ्लॅटमध्ये बांधा आणि वर जाऊन बिजागऱ्यांच्या पिनांनी जोडा. रंगमंचावर खिळा मारायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, फळ्या नव्या आहेत. मागून तिरका आधार देणारे ब्रेस लावून त्यावर दहा-दहा किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, प्रत्येक फ्लॅटला किमान एक, दाराच्या फ्लॅटला दोन. दार आपटायचं असेल तर तीन. टेम्पो मागच्या गेटपर्यंत येतो, पण कॉलेज चालू असेपर्यंत आत सोडत नाहीत, त्यामुळे शनिवारी दुपारी दोनच्या आधी सेट पोहोचेल हे गृहीत धरू नका.

विंगा दोन्ही बाजूंना आहेत, पण डावी विंग फक्त चार फुटांची. तिथे प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंचं, टेबल लावलं की माणूस उभा राहत नाही. टेबल उजवीकडे ठेवा. मागच्या पडद्याआडून एका बाजूने दुसरीकडे जायला वाट आहे, एका माणसापुरती, आणि काळोखात तिथे पाय अडखळतो. जमिनीवर चमकणारी टेप लावून घ्या. मेकअप रूम एकच. मध्ये पडदा टाकून मुला-मुलींची सोय करावी लागते, नाहीतर शेजारचा वर्ग मागून घ्या, मागितला तर देतात.

प्रेक्षागृहाची जमीन सपाट आहे आणि हा दोष कुठल्याही युक्तीने पूर्ण जात नाही. रंगमंच तीन फूट उंच. नट उभा असेल तर बाराव्या रांगेतूनही कमरेपासून वर दिसतो. तो जमिनीवर मांडी घालून बसला की सातव्या रांगेमागच्यांना पुढच्या माणसाचा अंबाडा किंवा टक्कल दिसतं, नट दिसत नाही. आपल्या नाटकांत माणसं जमिनीवर बसतातच: पाटावर जेवतात, निवडायला घेतात, आजारी माणसाच्या उशाशी बसतात. अशा प्रसंगांना दीड फुटी लेव्हल, म्हणजे रंगमंचावर ठेवायचा चौथरा, हवीच. हॉलकडे सहा बाय तीनच्या चार लेव्हल आहेत, त्या दोन-दोन जोडून सहा फूट बाय सहा फुटांचे दोन चौथरे होतात. मृत्यूचे, झोपेचे, जेवणाचे प्रसंग त्यावर घ्या.

याच कारणाने नृत्याच्या कार्यक्रमांना हा हॉल सुचवता येत नाही. भरतनाट्यम काय किंवा कथक काय, पायांचं काम चौथ्या-पाचव्या रांगेनंतर दिसेनासं होतं आणि पोकळ फळ्यांवर पदन्यासाचा आवाज घुंगरांवर चढतो. संगीताला मात्र हॉल मनापासून साथ देतो. हार्मोनियम, तबला आणि एक गाणारा गळा अशी बैठक पडदे ओढून, माईक अगदी नावापुरता ठेवून ऐकावी. तबल्याच्या शाईवरून बोट निघतानाचा नाद पाचव्या रांगेपर्यंत ऐकू येतो, स्पीकरमधून तो कधी येत नाही. अभंगांच्या कार्यक्रमाला टाळ जपून. या उंचीच्या छताखाली टाळांच्या चार जोड्या वाजल्या की शब्द बुडतात, दोन पुरेत. पखवाज आणि गायक पुढे, टाळकरी मागच्या पडद्याला लागून, म्हणजे थोडी धार पडदा घेतो. अभिवाचन, दीर्घांक, दोन-तीन पात्रांची एकांकिका हे इथलं खरं बलस्थान. वीस मुलांचा समूह घेऊन केलेली एकांकिका या साडेपाच मीटर खोलीत कोंबल्यासारखी दिसते. स्पर्धेआधीचा सराव प्रयोग करायचा असेल तर जरूर करावा, पण मोठ्या रंगमंचाची मापं तालमीच्या जागी टेपने आखून हालचाली वेगळ्या बसवाव्यात. नाहीतर इथे घट्ट वाटलेलं दृश्य तिथे विस्कटतं.

प्रेक्षकांच्या सोयींत दोन गोष्टी खटकतात. पहिली लिफ्ट. ती मुख्य इमारतीत आहे, हॉलच्या बाजूला उघडत नाही. गुडघे दुखणाऱ्या, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला लांब व्हरांड्यातून फिरून यावं लागतं आणि त्या व्हरांड्याला दोन ठिकाणी पायऱ्या आहेत. मराठी नाटकाच्या नियमित प्रेक्षकांत साठीच्या पुढचे बरेच असतात. दोन लाकडी उतार, दर एक फूट चढाला बारा फूट लांबीचे, एवढ्याने प्रश्न सुटतो. सुताराचं दोन दिवसांचं काम आहे आणि ते आत्तापर्यंत व्हायला हवं होतं. दुसरी गोष्ट दाराची. एकच दार, रंगमंचाच्या डावीकडे, पहिल्या रांगेला लागून. उशिरा येणारा माणूस दार उघडतो, बिजागरी करकरते, बाहेरच्या ट्यूबलाइटचा पट्टा सरळ नटाच्या अंगावर पडतो. बिजागरीला तेल, दाराच्या आत मीटरभर अंतरावर दुसरा काळा पडदा आणि दारापाशी टॉर्च घेऊन उभा असलेला एक मुलगा. आयोजकाने या तीन गोष्टी स्वतःच कराव्यात, हॉलकडून होतील याची वाट पाहू नये. बाकी कॅन्टीन चांगलं आहे. वडा गरम मिळतो, चहा पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात सगळ्यांना पुरतो. वेफर्सची पाकिटं तेवढी प्रेक्षागृहात नेऊ देऊ नयेत. माईकशिवायच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेतलं पाकीट नटालाही ऐकू जातं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते प्रयोगाच्या तारखेआधी बरेच दिवस मागवून ठेवा. ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर त्यांचे परवाने वेगळे. अग्निसुरक्षेचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र इमारतीला दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. चालू सहामाहीचं आहे ना, एवढं ऑफिसात विचारा आणि अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख स्वतः वाचा. शिक्षणसंस्थेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, म्हणून प्रयोगाआधी अंगणात ढोल-ताशा किंवा स्पीकर लावायचा विचार सोडून द्या. रात्री दहानंतरची लाउडस्पीकरची बंदी बंदिस्त सभागृहाला लागू नाही, पण इथला वॉचमन साडेनऊला गेट लावायला घेतो, त्यामुळे तो नियम तुमच्या कामाचा नाही. दोन अंकी नाटक असेल तर पडदा साडेसहाला उघडलाच पाहिजे, नाहीतर सेट उतरवताना अंधारात धावपळ होते आणि अनामत रकमेतून कपात होते.

आरक्षण कॉलेजच्या ऑफिसात, लेखी अर्जाने, संस्थेच्या लेटरहेडवर. अर्जात चार गोष्टी नोंदवून घ्या, नाहीतर त्या दिवशी कुणाला ठाऊक नसतात: पडदे ओढून मिळतील, मागचा फ्लेक्स उतरवलेला असेल, एसी साडेचारला सुरू होतील आणि इलेक्ट्रिशियन प्रयोग संपेपर्यंत थांबेल. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. बोर्डाची खोली कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच्याकडेच असते. एमसीबी पडला आणि तो घरी गेलेला असला तर प्रयोग तिथेच थांबतो.

प्रेक्षक म्हणून जाणार असाल तर ऑक्टोबर ते मे या काळातला प्रयोग निवडा. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं आणि दाराचा उजेड डोळ्यांवर येतो. तिसरी ते पाचवी रांग उत्तम. ती भरली असेल तर सातव्याच्या मागे मधली खुर्ची घेऊ नका, मधल्या वाटेलगतची घ्या, म्हणजे समोर कुणाचं डोकं येत नाही. शेवटच्या दोन रांगांत डावी बाजू बरी. उजव्या कोपऱ्यात ऑपरेटरचं टेबल आहे, तिथली कुजबुज ऐकू येते आणि मागचा उजवा एसीही त्याच बाजूला आहे.